चाप आणि अर्धा किलो

आमच्या गावात मोटर वायंडिंगवाला आहे, फवारणी पंपाचा मिस्त्री आहे, ट्रॅक्टरचं इंजिन बोलता बोलता उतरवणारा आहे. पण स्पर्धेच्या पिस्तुलाला हाताच्या मापाची मूठ करून देणारा आणि चाप नीट बसवणारा कारागीर कुठे मिळेल, असं मी पारावर विचारलं तेव्हा एकदम शांतता पसरली. मग कोतवाल हळूच म्हणाला, “गुरुजी, काई भानगड झाली का कोनासंग?”

मी खुलासा केला. हे हवेचं पिस्तूल. साडेचार मिलीमीटरचा छर्रा, दहा मीटरवर कागदाचं निशाण. २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरनं पदक घेतलं, तोच खेळ. मंडळी जवळ सरकली.

“मंग रानडुक्कर पडते का यानं?”

“नाही.”

“रोही?”

“नाही हो.”

“मंग घेतलं कायले?”

याचं उत्तर घरी बायकोलाही देता आलेलं नव्हतं.

पिस्तूल जुनं, कुणाच्या तरी लांब बोटांसाठी कोरलेलं. माझी बोटं खडू धरून धरून आखूड झालेली असावीत. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटर, म्हणजे शेजारी ठेवलेल्या तुरीच्या दोन दाण्यांएवढं, आणि मूठ तळव्यात अशी सैल बसायची की माझा छर्रा हमखास सातात.

पहिला कारागीर मोठ्या शहरातला, फोनवरचा. “हाताचा आकार कागदावर काढून पाठवा, पंधरा दिवसांत मूठ देतो.” बायकोनं माझा पंजा लग्नपत्रिकेच्या पाठीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. तेव्हा आमची सोयाबीनची पेरणी चालू होती. मूठ आली तेव्हा सोयाबीन विकून पैसेसुद्धा संपले होते. अक्रोडाचं सुंदर लाकूड, वर गुळगुळीत पॉलिश, आणि मूठ डाव्या हाताची. उजवा पंजा पालथा ठेवला काय आणि डावा उताणा ठेवला काय, कागदावर आकार एकच. त्यानं विचारलं नाही, मी लिहिलं नाही. चूक अर्धी अर्धी, पैसे मात्र सगळे माझे.

दुसरा आमचा गावचा सुतार. तिफणीच्या रुमण्यापासून कुऱ्हाडीच्या दांड्यापर्यंत सगळं त्याच्या हातचं. त्यानं कागद मागितलाच नाही. घरात गेला, परातीतल्या कणकेचा गोळा आणला अन् म्हणाला, “दाबा. जसं पिस्तूल धरता तसं, रागानं नाई.” मी दाबला. त्या गोळ्यावर माझ्या बोटांची पेरं, करंगळीचा वाकडेपणा, अंगठ्याखालचा फुगवटा, सगळं उमटलं. तो गोळा उलटसुलट करून पाहत बसला. पोळ्या खोळंबल्या म्हणून आतून दोनदा भांडं आपटलं, तरी त्याची नजर हलली नाही.

आठ दिवसांत सागवानाची मूठ तयार. हातात अशी बसली की सोडावीशी वाटेना. फक्त मागचा भाग मनगटावर चढला होता.

“तुमचं मनगट हालते, म्हनून टेकू देला.”

“नियमात मनगटाला टेकू चालत नाही.”

त्यानं पटाशी उचलली. “टेकूबिगर सरकार चालत नाई, अन् थे पिस्तूल चालवतात म्हन्ते!” पण टेकू काढला.

राहिला चाप. तिसरा माणूस पंप मिस्त्री. मी आधी त्याला हवेची नळी दाखवली, कारण ती थोडी फुसफुसत होती. त्यानं दाब विचारला. दोनशे बार. मोटरसायकलच्या चाकात असतात जेमतेम दोन. त्यानं नळी दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर परत ठेवली. “हे आपल्या वायसरचं काम नाई जी. कंपनीले पाठवा, अन् पाठवाच्या आधी हवा काढा.” सगळं येतं म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले, हे येत नाही म्हणणारा पहिलाच. मी चाप त्याच्याच हाती दिला.

नियम असा की चापानं किमान ५०० ग्रॅम पेलले पाहिजेत. पिस्तुलाची नळी आभाळाकडे करायची, चापाला वजन अडकवून उचलायचं, अन् चाप सुटता कामा नये. जो तो मग पाचशेच्या जेमतेम वर ठेवतो, कारण हलका चाप म्हणजे कमी हिसका. मिस्त्रीनं किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं लोखंडी माप मागून आणलं, सुतळीनं बांधलं आणि स्क्रू पाव पाव आटा फिरवत राहिला. शेवटी वजन उचललं गेलं, पण आणखी केसभर फिरवला असता तर सुटलं असतं. आम्ही दोघांनी चहा घेतला.

स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर त्यांनी त्यांचं वजन अडकवलं. टक्क. पुन्हा एकदा. टक्क. तिसऱ्यांदाही टक्क. साठ फैरी, पंचाहत्तर मिनिटं, अशी मनाची तयारी करून गेलेला मी चौथ्या मिनिटाला बाहेर.

घरी येऊन मिस्त्रीला काय काय बोललो ते लिहीत नाही. तो ऐकत राहिला. बायकोनं मात्र कोपऱ्यात पडलेलं, परत द्यायचं राहिलेलं ते माप उचललं आणि मला शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू आणायला पाठवलं. काटा स्थिरावला. ४८० ग्रॅम.

ती काही बोलली नाही. माप पदरात बांधलं आणि चपला घातल्या. बारा वर्षांची तूरडाळ होती.

मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर शोधत म्हणाला, “मी पाव आटा आवळतो. तुमी आधी वयनीच्या मागं जा.”