सोयीचं लग्न लिहिताय ना, मग त्यातला व्यवहार पण लिहा

इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या (साधारण १८११ ते १८२०, आजारी राजाच्या जागी त्याचा थोरला मुलगा कारभार पाहत होता तेव्हाच्या) प्रेमकथांमध्ये मला सगळ्यात जास्त आवडतं ते सोयीच्या लग्नाचं कथानक. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला उमराव आणि बापाचा पैसा घेऊन आलेली व्यापाऱ्याची मुलगी. किंवा मृत्युपत्रातल्या अटीपायी पंचविशीच्या आत लग्न करावं लागणारी वारसदार. दोघांची धड ओळखही नसते आणि लग्न होऊन जातं. 'नुसतं स्वप्नरंजन' म्हणून लोक या गोष्टींना नाकं मुरडतात, पण मला त्या खऱ्या वाटतात. बाकीच्या प्रेमकथा पैशाचा विषय शेवटपर्यंत टाळत राहतात, इथे तो पहिल्याच प्रकरणात निघतो.

म्हणूनच हल्ली वाचलेल्या कितीतरी कादंबऱ्यांचा राग येतो. पहिल्या वीस पानांत व्यवहार उरकायचा आणि पुढे सगळे बॉलडान्स, गाऊन, दोन खोल्यांमधलं ते बंद दार. सगळ्यात खटकते ती ठरलेली बोली: 'वर्षभर नावापुरते नवरा-बायको राहू, मग लग्न रद्द करून मोकळे होऊ.' अहो, असं होतच नव्हतं! शरीरसंबंध आला नाही एवढ्यावर तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न रद्द होत नसे. जोडीदार त्या बाबतीत असमर्थ आहे, हे चर्चच्या न्यायालयात सिद्ध करावं लागायचं. जाणूनबुजून नकार दिला म्हणून लग्न रद्द करण्याची सोय तिकडच्या कायद्यात आली १९३७ साली. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटमधून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. १८५७ पर्यंत त्या वाटेने सुटलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

बाहेर पडायला वाट नाही, हाच तर या कथानकाचा प्राण आहे. लग्न लागलं की बायकोचं कायद्यातलं स्वतंत्र अस्तित्वच संपायचं. तिची रोकड, दागिने, चीजवस्तू नवऱ्याच्या मालकीची व्हायची, जमिनीचं उत्पन्न त्याच्या हातात जायचं. मुलंही त्याचीच. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आईला लहान मुलांचा ताबा मागायला कायद्याने थोडीशी जागा दिली, तीही १८३९ मध्ये. अशा माणसाशी, ज्याला आपण नीट ओळखतही नाही, एक मुलगी पैशासाठी किंवा घरासाठी लग्न करते. तिच्या पोटात केवढा गोळा येत असेल! तो गोळा लेखिकेने मला जाणवू दिला नाही, तर पुढच्या प्रेमाचं मला काय कौतुक वाटणार?

या सगळ्यातून वाचायचा एकच मार्ग होता, लग्नाआधीचा करारनामा. आपल्याकडे लग्न ठरताना याद्या होतात ना, तशी बैठक तिथेही बसायची, फक्त तिथे दोन्हीकडचे वकील असत आणि प्रत्येक ओळ कायद्याने बांधलेली असे. बायकोला वर्षाकाठी हातखर्च किती, नवरा आधी गेला तर विधवेला सालाना किती मिळणार, धाकट्या मुलांच्या नावे काय ठेवायचं, आणि तिची मिळकत सांभाळणारे विश्वस्त कोण. विश्वस्तांच्या हाती ठेवलेलं तेवढं चॅन्सरी, म्हणजे विश्वस्त निधींचे तंटे पाहणारं न्यायालय, तिचं म्हणून मानायचं. एवढं सगळं नाट्य एका टेबलाभोवती घडत असताना कादंबरी तिथे थांबतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खऱ्या माणसांचं उदाहरण देते. कॅथरिन टिलनी लाँग. लहान भाऊ वारला आणि एसेक्समधल्या वॉनस्टेड हाउससकट अफाट इस्टेट तिच्याकडे आली. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मुलींमध्ये तिचं नाव घेतलं जायचं. १८११ मध्ये खुद्द राजाचा मुलगा, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, तिच्या मागे लागला. वय सेहेचाळीस, डोक्यावर कर्ज, आणि डोरोथी जॉर्डन या अभिनेत्रीपासून झालेली दहा मुलं. कॅथरिनने नकार दिला आणि मार्च १८१२ मध्ये स्वतःच्या पसंतीने विल्यम वेलस्ली-पोलशी लग्न केलं. हा ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतण्या. वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये आपल्या जालन्याजवळच्या असईला मराठ्यांशी लढला तोच आर्थर वेलस्ली. दिसायला देखणा, बोलण्यात गोड, आणि पैसा पाण्यासारखा उधळणारा. दहा वर्षांत सगळं धुऊन निघालं. १८२२ मध्ये वॉनस्टेड हाउसमधलं सामान लिलावात गेलं. तो लिलाव महिनाभर चालला होता! पुढे ती अख्खी वास्तू पाडून दगडमातीच्या भावाने विकली. परदेशात नवऱ्याने दुसऱ्याच्या बायकोशी संधान बांधलं. कॅथरिन मुलांना घेऊन परतली आणि १८२५ मध्ये गेली, चाळिशीसुद्धा गाठली नाही तिने.

आणि तो नाकारलेला ड्यूक? १८१७ मध्ये प्रिन्स रीजंटची, म्हणजे राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाची, एकुलती एक मुलगी शार्लट बाळंतपणात गेली. गादीला पुढच्या पिढीत औरस वारस उरला नाही, तेव्हा राजाच्या पोक्त मुलांची बोहल्यावर चढायची घाई सुरू झाली. क्लॅरेन्सने जर्मनीतल्या सॅक्स-मायनिंगनच्या अ‍ॅडिलेडला मागणी घातली. ती इंग्लंडला पोचली, आठवडाभरात जुलै १८१८ मध्ये क्यू इथे लग्न लागलं. तो बावन्न, ती पंचवीस. याहून कोरडा व्यवहार कुठला असणार? पण संसार चांगला झाला. त्याच्या आधीच्या मुलांना तिने मायेने वागवलं. त्याचा खर्च आणि वागणं दोन्ही ताळ्यावर आलं. तिच्या दोन्ही मुली तान्हेपणीच गेल्या, ते दुःख दोघांनी सोबत सोसलं. तो पुढे राजा चौथा विल्यम झाला, आणि १८३७ मध्ये शेवटच्या आजारात तीच त्याच्या उशाशी होती. क्रिकेटमुळे आपल्या तोंडी असलेलं अ‍ॅडिलेड शहर तिच्याच नावाचं.

प्रेमापेक्षा व्यवहार बरा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. प्रिन्स रीजंटने स्वतः १७९५ मध्ये कर्ज फेडायला ब्रन्सविकच्या कॅरोलाइनशी लग्न केलं होतं आणि त्यात तिचे किती हाल झाले ते जगजाहीर आहे. तिन्ही बायकांच्या डोक्यावर कायदा एकच होता. दोघींना त्यात भरडून काढलं गेलं, एकीला चांगला माणूस निघाला.

म्हणून मला नायक असा हवा असतो, ज्याला कायद्याने सगळं दिलंय आणि तरी तो ते वापरत नाही. नुसतं तोंडाने नाही, कागदावर. बायकोला न विचारता तिच्या बापाच्या पैशाला हात लावत नाही, करारनाम्यात तिच्या बाजूची एखादी ओळ स्वतःहून वाढवायला लावतो. तो प्रसंग मी चार चार वेळा वाचते.

आपल्याकडे मोबाईलवर कॉन्ट्रॅक्ट मॅरेजच्या कथा लिहिणाऱ्या मराठी लेखिका कमी नाहीत आणि त्यांचा हात चांगला चालतो. त्यांच्यातल्या कुणीतरी कॅथरिनच्या बहिणींवर लिहावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे. डोरोथी आणि एमा, दोघी अविवाहित. बहीण गेल्यावर तिची मुलं त्यांनी सांभाळली. बाप ताबा मागायला आला तेव्हा प्रकरण चॅन्सरीत गेलं, आणि बापाचा हक्क जवळजवळ देवाच्या हक्कासारखा मानणाऱ्या त्या काळात १८२७ मध्ये चॅन्सरीचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी मुलं त्याला द्यायला नकार दिला. या दोघींची गोष्ट मराठीत आली तर पहिली वाचक मी.