जकात म्हणजे इन्कम टॅक्स नव्हे

रमजान जवळ आला की आमच्या भुसावळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘जकात म्हणजे मुसलमानांचा इन्कम टॅक्स. गरीब असो की श्रीमंत, प्रत्येकानं कमाईच्या अडीच टक्के रमजानमध्ये मशिदीला द्यायचे.’ यंदा तो आमच्याच नात्यातल्या, कॉलेजात जाणाऱ्या पोरानं पाठवला. म्हणून लिहायला बसलो.

आधी शब्दाचं. मराठीत जकात म्हटलं की नाका, अडवलेला ट्रक आणि पावती आठवते. अरबीत त्या शब्दाचा अर्थ शुद्ध होणं आणि वाढणं; इस्लाममध्ये ऐपत असलेल्यानं गरजूंसाठी काढायचा हा सक्तीचा हिस्सा.

‘कमाईच्या अडीच टक्के.’ चूक. जकात कमाईवर नाही, शिलकीवर आहे. पगार तीस हजार आणि किराणा, फी, दवाखान्यात सगळा संपला, तर जकात शून्य. जुन्या (11.66 ग्रॅमच्या) तोळ्यानं साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या चांदीच्या किमतीची रोकड आणि विक्रीचा माल, ही मर्यादा; तिला निसाब म्हणतात. राहतं घर, रोजची मोटारसायकल, शिंप्याचं मशीन यात धरत नाहीत. डोक्यावरचं कर्ज वजा होतं. चांद्रवर्ष पूर्ण होताना हाती 4 लाख उरले, तर जकात 10,000.

अम्मीनं आयुष्यात पगार घेतला नाही, तरी जकात तिच्यावर आहे, कारण सोनं तिचं आहे. शाफई आणि हनफी ही इस्लामी कायद्याची दोन मतं; अंगावरचे दागिने शाफई मतात सुटतात, हनफी मतात सुटत नाहीत, आणि आम्ही हनफी. दरवर्षी ती बांगड्या रुमालात बांधून जळगावच्या सराफ बाजारात नेते. काट्यावरचा आकडा पावतीमागे पेन्सिलीनं लिहून घेते आणि घरी येऊन दोनदा हिशोब करते. एका वर्षी हातात रोकड नव्हती, तर अंगठी मोडली. अब्बा देतो म्हणाले, पण ऐकलं नाही.

शेतीचा हिशोब तर निराळाच. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, उपसलेल्या पाण्यावर आलेल्या पिकाचा विसावा. ज्यांच्यावरून हनफी मत आलं, त्या इमाम अबू हनीफांच्या मतात फळंही येतात, म्हणजे रावेर-यावलची केळीसुद्धा. बोअर आणि मोटरीला जो खर्च होतो, तो जाणूनच हिस्सा निम्मा केलाय. माल निघाला की हिस्सा निघाला. वर्षाची वाट पाहत नाहीत.

‘रमजानमध्येच.’ ज्याचं वर्ष ज्या तारखेला भरतं, तेव्हा जकात लागू होते. पुण्य जास्त म्हणून लोक रमजान धरतात, एवढंच.

‘मशिदीला.’ सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे आठ हकदार दिलेत: फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि निराधार, आधी, पुढे कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. हनफी मतात पैसा गरजूच्या हाती त्याच्या मालकीचा होऊन पडावा लागतो. म्हणून मशिदीचं छप्पर किंवा पंखे जकातीतून होत नाहीत, त्यांना वेगळी वर्गणी. बहुतेक फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या, मते जकात मुसलमान गरजूलाच जाते, हे मी लपवत नाही. पण सदका, म्हणजे स्वखुशीचं दान, कुणालाही देता येतो, शेजाऱ्याची जात-धर्म न विचारता.

आई-बापाला, पोरांना जकात चालत नाही; त्यांना पोसणं कर्तव्यच आहे. गरजू बहीण-भावाला चालते. आणि घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असं सांगायची गरज नाही, देणाऱ्याची नियत पुरते. म्हणून अम्मी नात्यातल्या एका घरी डबा पोचवते, डब्याखाली लिफाफा असतो, आणि दारातून निघताना एवढंच म्हणते, ‘पोरांची ईदी आहे.’