परदेशातून : मी बेशिस्त आहे हे रस्त्याला माहीत असतं

2025च्या जूनमध्ये भोपाळच्या ऐशबाग भागातल्या रेल्वे उड्डाणपुलाचा फोटो घरच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी इथे नेदरलँड्समध्ये एका चौकाच्या सिग्नलच्या वेळा तपासत बसलो होतो. फोटोत पूल सरळ येतो आणि एकदम काटकोनात वळताना दिसतो. दोन दिवस विनोदांचा पाऊस पडला. महिना संपायच्या आत सात अभियंते निलंबित झाले. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांनी मोजमाप केलं, आणि कोन 90 नसून 118-119 अंशांचा असल्याचं बातम्यांत आलं. ग्रुपवर पुन्हा दोन तट पडले : एक म्हणे 90, दुसरा म्हणे 118.

मला त्या भांडणात मजा वाटली आणि वाईटही. गाडी चालवणाऱ्याला कोन जाणवतच नाही, त्याला त्रिज्या जाणवते. जगातले कितीतरी चौक काटकोनातच असतात, तिथे कुणी हसत नाही. प्रश्न असा की वळणाची त्रिज्या किती, आणि गाडी तिथे किती वेगाने पोचते. आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूत्रात रस्त्याचा आडवा उतार (वळणाची बाहेरची कड उचलून दिलेला) जास्तीत जास्त 7 टक्के आणि गाडीला बाजूला घसरू न देणारं घर्षण 0.15 धरतात. त्या हिशेबाने ताशी 20 किमीला साधारण 14 मीटर त्रिज्या पुरते. ताशी 60 किमीला जवळपास 129 मीटर लागते. वेग तिप्पट, त्रिज्या नऊपट. म्हणून सरळ, मोकळ्या पुलावरून 60ने येणाऱ्या माणसापुढे अचानक 20चं वळण ठेवलं, की कोन 90 असो नाहीतर 118, घात ठरलेला.

त्यातही एक बारकावा आहे, माझ्या फार आवडीचा. स्टिअरिंग एका क्षणात फिरत नाही. माणूस ते हळूहळू वळवतो, म्हणजे गाडीच्या वाटेची वक्रता शून्यापासून हळूहळू वाढत जाते. रस्त्यानेही तसंच वाढावं म्हणून सरळ भाग आणि वळण यांच्यामध्ये संक्रमण वक्र घालतात. तो माणसाच्या मनगटाचा आलेखच म्हणायचा. तो नसला तर चालक स्वतःच तो तयार करतो, शेजारच्याची लेन खाऊन. आपण त्याला लेन कापली म्हणून शिव्या देतो.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, एका सरकारी खात्यात रस्ते बांधतो. मी हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर त्याचा फोन आला. "अरे, जागा नव्हती तिथे. रेल्वे, मेट्रो, सगळं अडलेलं. आणि लोकांना शिस्त असती तर 20नेच गेले असते ना? तुमच्याकडे जातात तसे."

तुमच्याकडे. दहा वर्षं झाली, हा शब्द अजून टोचतो. पण खरं टोचतं ते त्यामागचं गृहीतक : युरोपात शिस्तीची माणसं जन्माला येतात आणि मग त्यांना शोभतील असे रस्ते बांधले जातात. इथल्या वाहतूक विभागांत बसून मी शिकलो ते नेमकं उलटं आहे. इथला रस्ता माझ्यावर काडीचाही विश्वास ठेवत नाही.

मी इथे पहिल्या वाहन परीक्षेत नापास झालो. उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे बघितलं नाही आणि तिथून सायकलवाली येत होती. दुसऱ्यांदा पास झालो, पण आजही कंटाळलेल्या संध्याकाळी मी ते विसरतो. ते विसरणं रस्त्याने आधीच धरलेलं असतं. बऱ्याच चौकांत सायकलचा पट्टा गाडीच्या रस्त्यापासून एका मोटारीच्या लांबीइतका आत घेतलेला असतो. त्यामुळे मी वळण जवळजवळ पूर्ण करतो आणि सायकल माझ्या समोरच्या काचेत येते, मान वळवली नाही तरी दिसते. वस्तीतला रस्ता विटांचा, अरुंद आणि मध्येच उंचावलेला असतो. तिथे 30ची पाटी नसती तरी मी 30नेच गेलो असतो. पाटी असते ती दंड करता यावा म्हणून, असं माझं खासगी मत.

आणि टर्बो रोटोंडा! 1990च्या दशकात इथेच जन्मलेलं हे चक्राकार चौकाचं रूप. नेहमीच्या दोन लेनच्या चक्रात गाड्या आतल्या लेनमधून बाहेर पडताना एकमेकींना आडव्या जायच्या. यावर लोकांना लेन पाळायला शिकवण्याची मोहीम काढता आली असती. इथल्या अभियंत्यांनी लेनच्या मध्ये उंच कडा घातल्या आणि शिरण्यापूर्वीच लेन निवडायला लावली. ज्यांच्या शिस्तीचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो, त्यांच्या अभियंत्यांनी त्यांच्याच शिस्तीवर विसंबायचं नाकारलं.

1972 साली या चिमुकल्या देशात रस्त्यांवर 3,264 माणसं मेली. मुलं मरत होती म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले होते. 2023 साली आकडा 684 होता, मोटारी मात्र दरम्यान खूप वाढलेल्या. यात सीटबेल्ट आहे, चांगल्या मोटारी आहेत, दवाखाने आहेत, कॅमेरे आणि सणसणीत दंडही आहेत. सगळं श्रेय रस्त्याच्या रचनेला देणार नाही. पण त्याच डच लोकांच्या रक्तात त्या वर्षांत काही नवीन शिस्त शिरली असं मानायला मी तयार नाही. 2022 साली भारतात 1,68,491 माणसं रस्त्यांवर गेली. तेवढी माणसं बेशिस्त होती म्हणून मेली, असं म्हणायची मला तरी लाज वाटते. त्यांतली जवळपास वीस टक्के तर पायी चालणारी होती.

शिस्तीचा मुद्दा आणखी एका बाजूने लंगडा पडतो. 2008 साली जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 230 मीटरच्या गोल वाटेवर 22 मोटारी, सगळ्यांना एकच सूचना : अंतर राखून ताशी 30 किमीने चालत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना कुणी आडवा आला. तरी थोड्या वेळात कोंडी झाली, आणि ती कोंडी लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. कारण पुढच्याने किंचित ब्रेक लावला की मागच्याला कळायला क्षण जातो, मग तो जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी. माणसाची प्रतिक्रिया उशिरा येते एवढाच गुन्हा. रस्त्याचे आराखडे करताना अनपेक्षित प्रसंगासाठी 2.5 सेकंद धरतात, अमेरिकेतही आणि आपल्याकडेही. ताशी 100 किमीला तेवढ्या वेळात पाय ब्रेकवर जाण्याआधीच 70 मीटर रस्ता संपतो. हे शास्त्र भल्या माणसाचा स्वभाव बदलायला निघालेलं नाही, त्याचे 2.5 सेकंद तेवढे जमेला धरतं.

आता दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण "हॉलंडसारखं करा" म्हणणारे माझे मित्रही मला तितकेच खटकतात.

मागच्या सुट्टीत दादाची गाडी घेऊन मी चौपदरी रस्त्यावर निघालो. इथल्या सवयीने पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवलं. 60च्या वेगाला ते 33 मीटर होतात. एक दुचाकी शिरली. मी मागे सरलो, रिक्षा शिरली. पुन्हा सरलो, टेम्पो शिरला. शेजारी बसलेला दादा म्हणाला, "तू असाच मागे मागे जात घरी पोचशील." इथे ते अंतर म्हणजे सुरक्षेची शिल्लक, तिथे ती रिकामी जागा. शिरणाऱ्यांचं चुकलं म्हणू नका. दोन-अडीच फुटी रुंदीची दुचाकी जिथे मावते तिथे जाणार. लेन ही मोटारीच्या मापाची कल्पना आहे आणि आपल्या रस्त्यावरची बहुसंख्य वाहनं मोटारी नाहीत. सिग्नल लाल झाला की दुचाक्या फटींतून झिरपत पुढे येतात आणि हिरवा होताच आधी सुटतात. एका रांगेत एकामागून एक गाडी असं धरून केलेलं गणित तिथे लागूच होत नाही. संगणकावरच्या वाहतूक-नमुन्यात जर्मन चालकाचे आकडे तसेच ठेवून आपला चौक चालवला, तर चित्रफीत देखणी दिसेल आणि उत्तर खोटं येईल.

मजा म्हणजे हे आपल्या अभियंत्यांना फार पूर्वी कळलेलं होतं. वळणावरचा आडवा उतार ठरवताना आपल्या नियमात पूर्ण वेगाऐवजी वेगाचे 75 टक्केच धरतात. कारण त्याच वळणावरून भरलेली बैलगाडीही जाते, आणि उतार फार दिला तर ती कलंडेल. रस्त्यावर किती वाहनं मावतात हे मोजताना एक मोठी बैलगाडी म्हणजे 8 मोटारी असंही आपल्या कोष्टकात होतं. 2017 साली केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने रस्त्यांच्या क्षमतेचं भारतीय मार्गदर्शक पुस्तक काढलं, ते देशभर आपल्याच रस्त्यांवर मोजमाप करून. म्हणजे स्वतःचा चालक मोजण्याची परंपरा आपल्याकडे आहे. घोडं अडतं ते पुस्तकातून चौकापर्यंत येताना.

इथल्या ड्राख्टन गावाचं उदाहरण तर हमखास दिलं जातं. हान्स मोंडरमन या अभियंत्याने तिथल्या गजबजलेल्या चौकातून सिग्नल काढून टाकले आणि वाहतूक सुरळीत झाली. "आपण तर आधीपासूनच मोंडरमन!" असा विनोद मी किमान चारदा ऐकलाय. विनोद चांगला आहे. फक्त त्या चौकात गाड्या येतानाच इतक्या हळू येतात की चालक आणि पादचारी एकमेकांच्या डोळ्यांत बघू शकतात. 60ने येणाऱ्या ट्रकच्या काचेत डोळे दिसत नाहीत.

2019च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीवर आपल्याकडे खूप बोललं गेलं, बहुतेक सगळं वाढलेल्या दंडांवर. त्याच दुरुस्तीत 198अ नावाचं कलम आलं : रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. त्यावर ग्रुपवर एकही संदेश आल्याचं मला आठवत नाही. दादाला विचारलं. तो म्हणाला, "ते सोड. मी एकटा काय करू, ते सांग."

मग मी त्याला पिवळ्या दिव्याबद्दल विचारलं. दिवा पिवळा झाला तेव्हा गाडी अशा जागी असू शकते की थांबायला अंतर कमी आणि पार व्हायला वेळ कमी. 1960 साली गाझिस, हर्मन आणि मराडुडिन या तिघांनी हे गणिताने दाखवलं : पिवळा दिवा वेगाच्या मानाने छोटा असेल तर कितीही प्रामाणिक चालक त्या पट्ट्यात सापडून सिग्नल तोडतोच. शेजारच्या जर्मनीत म्हणून वेळा ठरलेल्या आहेत. 50च्या रस्त्यावर 3 सेकंद, 60ला 4, 70ला 5.

"तुझ्या बाह्यवळणावरच्या सिग्नलला किती आहे, दादा?"

"3 असेल. सगळीकडे 3च असतो."

"आणि गाड्या किती वेगाने येतात?"

तो जरा थांबला. "पाटी 50ची आहे. येतात सत्तर-ऐंशीने."

दुसऱ्या दिवशी त्याने तिथे उभं राहून फोनवर वेळ मोजली आणि मला कळवलं : 3 सेकंद. खाली लिहिलं होतं, 5 करायचे तर फाइल वर पाठवावी लागेल, आणि वर विचारतील की यात खर्च किती. मी लिहिलं, शून्य. त्यावर त्याचा हसरा चेहरा आला आणि एक ओळ : "मग नाही होणार मंजूर. तरी पाठवतो."