डीव्हीडी प्लेअर भंगारात कुणी काढला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रामराम. घरी आणि प्रवासात व्हिडिओ बघायच्या यंत्रांची तुलना केलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं: लेखाचा सूर ‘सगळ्यांनी टॅब घ्या’ एवढाच आहे. परभणीकडच्या जिंतूर तालुक्यातल्या तुमच्या गावात नेटला रेंज नाही, लाइट कधी जाईल याचा नेम नाही, मायला टचस्क्रीन जमत नाही, आणि घरात कीर्तनाच्या, भारुडाच्या, लग्नांच्या दोन गोण्या सीडी-डीव्हीडी पडून आहेत. मग खटका दाबला की चालू होणारा पोर्टेबल डीव्हीडी प्लेअर काय वाईट?

वाईट काही नाही. पण रेंज, लाइट, माय आणि गोण्या हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि चौघांचं उत्तर एकाच डब्यात मिळत नाही. आपला माल चकतीत आहे की फाइलीत, आणि करंट कुठून येणार, हे दोन आधी ठरवा. मग यंत्र निवडायला फारसं डोकं लागत नाही.

रेंजचं लवकर मिटतं. मेमरी कार्डातली फाइल चालवायला टॅबला नेट तर सोडाच, सिमसुद्धा लागत नाही. नेट लागतं ते ओटीटीच्या अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवलेल्या सिनेमांना. ती फाइल त्या अ‍ॅपबाहेर चालत नाही, आणि तिची मुदत संपली की परत ऑनलाइन यावं लागतं. म्हणून गावाकडं न्यायचा माल स्वतःच्या फाइलीत असावा.

आता गोण्या. यात दोन जाती आहेत. व्हीसीडीचं, म्हणजे व्हिडिओ सीडीचं, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका चकतीत साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून तर सिनेमा दोन चकत्यांत यायचा. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, एका थराच्या चकतीत ४.७ जीबी. प्लेअरला या दोन जाती वाचायला दोन वेगळे लेझर लागतात: सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. जुन्या प्लेअरवर व्हीसीडी झकास चालते आणि डीव्हीडी टाकली की ‘नो डिस्क’ येतं, ते यामुळं. बहुधा लाल लेझर थकलेला असतो, चकतीचा दोष नसतो. उलटंही होतं. मेकॅनिककडं जाण्याआधी भिंगावरची धूळ काढून बघा. आपल्याकडं उन्हाळ्यातला फुफाटा आणि कापसाच्या दिवसांतलं तूस सगळीकडं शिरतं. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावायचा, भिंगावर हलक्या हातानं एकदा गोल फिरवायचा, पाच मिनिटं झाकण उघडं ठेवायचं. भिंग बारीक तारांवर तरंगतं, दाबलं की गेलं. अत्तर, नेलपॉलिश रिमूव्हर, थुंकी, यातलं काही चालत नाही.

पोर्टेबल प्लेअरचा खरा मरणबिंदू मात्र भिंगापेक्षा बिजागरीत असतो. पडदा फिरवून पालथा घालता येतो ना, त्याच्या मानेतून एक चपटी रिबन केबल जाते. रोज फिरवून ती आतून चिरते. पडद्यावर आडव्या रेघा, मग एका विशिष्ट कोनातच चित्र, शेवटी नुसता पांढरा पडदा आणि आवाज चालू, या क्रमानं ती मरते. तेवढ्यासाठी यंत्र फेकायची गरज नाही. बहुतेकांना एव्ही आउट, म्हणजे टीव्हीला जोडायचं भोक, असतं. ३.५ मिमीची पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळा, लाल, पांढरा, अशी वायर लावून तो घरच्या टीव्हीवर चालतो. चित्र काळं-पांढरं आलं किंवा लोळायला लागलं तर सेटिंगमध्ये एनटीएससी काढून पाल करा, या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती आहेत. चित्राऐवजी घरघर ऐकू आली तर वायरच्या पिनची रचना वेगळी आहे. रंग अदलाबदल करून बघा, पिवळ्याचं चित्र लालमधून येणं नवीन नाही.

घरी टीव्ही असेल तर मायसाठी ७ इंची पडदा घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. नुसता साधा डीव्हीडी प्लेअर टीव्हीखाली ठेवा, रिमोटवर प्ले, स्टॉप आणि आवाज या तीन बटणांना रंगीत टिकल्या लावा. टीव्ही नसेल, किंवा तो नातवंडांच्या ताब्यात असेल, तर पोर्टेबल घ्या, पण ९ इंचाच्या खाली नको. इंचाबरोबर ठिपके विचारा: ८०० बाय ४८० असेल तर ठीक, ४८० बाय २३४ असेल तर श्रेयनामावलीची अक्षरं तरुणालाही वाचता येणार नाहीत. खोक्यावर इंच ठळक असतात, ठिपके शोधावे लागतात.

तुम्ही लिहिलंत, ‘प्लेअरला पेनड्राइव्हही लागतो, मग टॅब कशाला?’ लागतो खरा, पण इथंच सगळ्यांची फसगत होते. मोबाइलच्या दुकानातून कार्ड किंवा पेनड्राइव्ह भरून आणतात, त्यात सगळं एच.२६४ या नव्या पद्धतीनं आवळलेलं एमपी४ किंवा एमकेव्ही असतं, आणि प्लेअर म्हणतो ‘अनसपोर्टेड’. असल्या प्लेअरांतल्या चिपा बहुतेक जुन्या पिढीच्या. त्यांना एव्हीआय फाइलीतला, एक्सव्हिड या जुन्या पद्धतीचा व्हिडिओ, एमपी३ आवाज आणि जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ एवढंच कळतं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, एनटीएफएस आणि एक्सफॅट या दुसऱ्या पद्धती बहुतेक प्लेअरांना दिसतच नाहीत. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपर्यंतच फॅट३२ करून देते, म्हणून १६ किंवा ३२ जीबीचाच घ्या. एक फाइल ४ जीबीच्या आत. नावं रोमन अक्षरांत आणि पुढं ०१, ०२ असा आकडा. देवनागरी नावाच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन येतात आणि माय बिचारी कुठला चौकोन दाबणार? फाइल बदलायला संगणकावर एव्हीडीमक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या: व्हिडिओला एमपीईजी-४ एएसपी (म्हणजेच एक्सव्हिड), आवाजाला लेम एमपी३, आउटपुटला एव्हीआय. हँडब्रेक हे दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर एव्हीआय बनवत नाही, यासाठी त्याच्या मागं लागू नका.

पण हँडब्रेक दुसऱ्या कामाला लागणार आहे, आणि हे काम टॅब घ्या वा न घ्या, येत्या पावसाळ्याआधी उरका. लग्नाच्या डीव्हीडी घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या असतात. त्यांतला माल सेंद्रिय रंगाच्या थरात असतो आणि तो थर उष्णतेनं व उजेडानं उतरतो. पत्र्याच्या खोलीत गोणीत ठेवलेली चकती मे महिन्यात काय सोसते ते परभणीकराला सांगायला नको. दुकानातून आणलेल्या छापील चकत्यांना हा धोका फारच कमी, त्यांना ओरखड्यांचं भय. म्हणून आधी लग्नं उतरवा, कीर्तनं नंतर.

व्हीसीडी असेल तर आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल सरळ संगणकावर ओढा. व्हीएलसी हे फुकटचं व्हिडिओ चालवायचं अ‍ॅप तिला तशीच चालवतं. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ टीएस फोल्डर अख्खं उतरवा, आत एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली दिसतील. त्या सुट्या सुट्या बदलू नका, सांध्यावर आवाज तुटतो. हँडब्रेकला पूर्ण फोल्डर दाखवा, तो लग्न सलग ओळखतो. प्रीसेट ‘फास्ट ५७६पी२५’, क्वालिटी आरएफ २० ते २२, आणि डीइंटरलेस चालू. हे शेवटचं विसरलं की वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात दिसतात, कारण लग्नाचे कॅमेरे अर्धं-अर्धं चित्र आळीपाळीनं टिपायचे. फाइल किती मोठी होईल त्याचा हिशोब सोपा आहे: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) म्हणजे तासाला ४५० एमबी. दीड एमबीपीएसला तासाचे पावणेसातशे एमबी, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात ८५-९० तास. दोन गोण्या एका नखाएवढ्या कार्डात. ओरखडलेल्या चकतीवर उतरवणं अडलं तर ती सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा, मऊ कापडानं मधून कडेकडं पुसा, गोल गोल नाही. नंतर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचणारी चकती दुसऱ्याला पुष्कळदा वाचते.

आता माय आणि टचस्क्रीन. टॅबमध्ये चुकून बोट लागलं की सगळं गायब होतं, हाच त्रास ना? अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षेखाली ‘अ‍ॅप पिनिंग’ असतं. व्हीएलसी उघडून ते पिन केलं की चुकून दुसरीकडं जाता येत नाही. व्हीएलसीमध्ये चालू व्हिडिओवर कुलपाचं चिन्ह आहे, ते दाबलं की पडदा कितीही चोळा, काही होत नाही. तरीही बटणाला बटणाची सर येत नाही, हे तुमचं मान्य. ज्यांची बोटं कामानं राठ झालीत त्यांचा स्पर्श पडदा नीट ओळखत नाही, आणि तो दोष शिकवून जात नाही. अशा घरी टॅब नकोच.

‘टॅबमध्ये चित्र येतं, आवाज येत नाही’ ही तक्रार खाली आणखी दोघांनी केली आहे. फाइलमधला आवाज एसी३ किंवा डीटीएस पद्धतीचा असतो आणि एमएक्स प्लेअर हे अ‍ॅप परवान्याच्या भानगडीमुळं तो मूळ रूपात वाजवत नाही. व्हीएलसी वाजवतं. चित्र अडखळत असेल आणि टॅब तापत असेल तर फाइल एच.२६५ या आणखी नव्या पद्धतीची, बहुधा १० बिटची आहे. स्वस्त टॅबच्या चिपला ती झेपत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि बॅटरी भराभर उतरते. ती एच.२६४ मध्ये बदलून घ्या.

लाइटचा हिशोब वॅट-अवरमध्ये करा, एमएएचमध्ये नको. पोर्टेबल डीव्हीडीत ७.४ व्होल्टची २००० एमएएचची बॅटरी म्हणजे १५ वॅट-अवर. मोटर, लेझर आणि पडदा मिळून ७-८ वॅट ओढतात, म्हणजे नवी असताना २ तास. टॅबची ३.८ व्होल्ट ५००० एमएएच म्हणजे १९ वॅट-अवर, आणि तो ३ वॅटवर चालतो, म्हणजे ६ तास. फिरणारं काही नसणं हाच मोठा फरक. शिवाय टॅब कुठल्याही पॉवर बँकेवर चढतो. डीव्हीडीला ९ किंवा १२ व्होल्टची गोल पिन लागते, पॉवर बँकेची साधी ५ व्होल्टची वायर तिथं उपयोगाची नाही.

गाडीच्या चार्जरबाबत जरा दटावूनच सांगतो. पोर्टेबल डीव्हीडीबरोबर येणारी स्वस्त कार वायर म्हणजे कित्येकदा नुसती वायर असते, आत व्होल्टेज आवरणारं काही नसतं. जीप चालू असताना १२ व्होल्टचे १४.४ होतात, तेवढं १२ व्होल्टचे बहुतेक प्लेअर सोसतात. ट्रक आणि एसटी बहुधा २४ व्होल्टवर चालतात. तिथं ती वायर लावली की प्लेअर जळणारच. ‘१२-२४ व्होल्ट’ असं छापलेलं असेल तरच लावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ट्रकच्या केबिनमध्ये चार्ज करताना हे विशेष बघावं. त्यांच्यासाठी तर माझ्या मते मोठ्या पडद्याचा फोन, भरलेलं कार्ड आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक, बस. खोपीवर चकत्या सांभाळत बसायला कुणाला वेळ आहे?

रेल्वेत बसणार असाल, देवगिरी असो की नंदीग्राम, तर रात्री चार्जिंगच्या खटक्यावर विसंबू नका, ११ ते ५ तो बंद असू शकतो. दहानंतर इयरफोनशिवाय आवाज चालत नाही, टॅब घेताना ३.५ मिमीचं भोक आहे का ते पाहा, नाहीतर दोन लेकरांना एक स्प्लिटर लावून ऐकवता येणार नाही. बसमध्ये चकती उड्या मारते. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत यातलं काहीच ठेवू नका, लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढं चार्ज करायची नसते.

तुमच्यापुरतं म्हणाल तर: मायला टीव्हीखाली साधा प्लेअर आणि फॅट३२चा ३२ जीबी पेनड्राइव्ह, तुम्हाला प्रवासाला टॅब. पोर्टेबलच घ्यायचा ठरला तर संभाजीनगरच्या पैठणगेटला असो वा परभणीला, दुकानात जाताना घरची एक व्हीसीडी, एक लग्नाची डीव्हीडी आणि एव्हीआय भरलेला पेनड्राइव्ह खिशात न्या. तिन्ही चालवा, चालू असताना पडदा पाच-सहा वेळा पूर्ण फिरवा, मग चार्जर काढून अर्धा तास नुसत्या बॅटरीवर ठेवा. ‘बॅटरी आत्ता चार्ज नाही’ असं दुकानदार म्हणाला तर चार्जला लावायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी परत जा.