कोलंबोचा भाव लातूरला लागू होत नाही

कोलंबोच्या एखाद्या निर्यातदाराची रेटलिस्ट कुणीतरी फॉरवर्ड करतं आणि आपल्या लातूरकडच्या, घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्री मासे पाळणाऱ्यांचा जीव जळतो. ‘पावडर ब्लू टँग (निळा समुद्री मासा) तिकडं केवढ्याला बघा, आणि आपल्याला केवढ्याला लावतात! नुसती लूट आहे राव.’

मला ही लूट वाटत नाही. तो भाव नुसत्या माशाचा असतो. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः पाण्याचे आणि वाटेत मेलेल्या माशांचे.

पन्नासेक ग्रॅमचा मासा दोन-तीन लिटर पाणी घेऊन विमानात बसतो आणि भाडं पाण्यासकट वजनावर लागतं. वर आयात परवाना, कस्टम, क्वारंटाइन. समजा (आकडे माझेच, हिशोबापुरते) 500 चा मासा चेन्नईत उतरेपर्यंत 1500 ला पडला. दहातले तीन क्वारंटाइनमध्ये मेले, की उरलेला प्रत्येक मासा 2100 च्या पुढं जातो. अजून व्यापाऱ्यानं एक रुपया कमावलेला नाही. मग हैदराबाद, आणि तिथून थर्माकोलची पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत. मे महिन्यात ती डिकी काय तापते ते सांगायला नको. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. त्यात पावडर ब्लू म्हणजे नाजूक प्रकरण, प्रवासाचा ताण बसला की लगेच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग.

‘मग आपल्याच समुद्रातून का नाही?’ धनुष्कोडी ते श्रीलंकेतलं तलाईमन्नार जेमतेम 30 किलोमीटर. पण आपल्या बाजूची मन्नारच्या आखातातली 21 बेटं 1986 पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि श्रीलंकेच्या बाजूला परवानाधारक पाणबुडे निर्यातीसाठी मासे धरतात. एकाच पाण्याचे दोन भाव होतात ते यामुळं. माझं मत विचाराल तर आपली बाजू बंद आहे तेच बरंय.

कोरल (प्रवाळ) तिकडून मागवता येईल, हा तर सगळा गैरसमजच. श्रीलंका आणि मालदीव मासे विकतात, पण दगडी कोरल बाहेर पाठवायला दोन्हीकडं बंदी. जगाच्या बाजारातलं कोरल बरंचसं इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियाकडून येतं, आणि इंडोनेशियानंही 2018 मध्ये निर्यात थांबवली होती, नंतर सुरू केली. आपल्याकडं प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये घातले, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा किमान 3 वर्षं कैद. कुणी ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणून तुकडा दाखवला तर आधी परवान्याची प्रत मागा. विषय किती पटकन बदलतो ते बघा.

क्लाऊनफिशचं (पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा) मात्र तसं नाही, आणि नव्या माणसाला मी तोच सुचवतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतल्या मंडपम केंद्रानं त्याची पैदास कधीच जमवली. जोडी फरशीच्या तुकड्यावर अंडी घालते, नर आठवडाभर पंखांनी वारा घालत राखण करतो, रात्रीच्या अंधारात पिल्लं बाहेर पडतात आणि सुरुवातीला रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खातात. ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानचीही हॅचरी आहे. असा मासा जन्मापासून टाकीतला असतो, पेलेट (कोरडं दाणेदार खाद्य) खायला शिकलेला. समुद्रातून धरून आणलेला मासा कित्येकदा अन्नाकडं बघतसुद्धा नाही. मग तो स्वस्त मिळाला म्हणून काय उपयोग?

शिवाय आपला खर्च मासा आल्यावर सुरू होतो. बोअरचं जड पाणी, म्हणून आरओ. आरओ म्हणजे पाणी वाया. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात ते गटारात सोडायला हात धजत नाही, मी त्यावर घर पुसतो. पाणी 26 अंशांवर ठेवायला चिलर, आणि लाईट गेली की इन्व्हर्टर. कोलंबोच्या रेटलिस्टमध्ये हे काहीच नसतं.

खरी बचत भाड्यात आहे. मी पाऊस पडून हवा थंडावल्यावर क्लाऊनफिशची पिल्लं मागवणार आहे. लातूर, उदगीर, नांदेड, परभणीकडचे कुणी सोबत असाल तर कमेंट करा. एकाच पेटीत आणू, भाडं वाटून घेऊ.