‘ब्रिटनमध्ये परीक्षा नाहीत आणि सगळं मोफत’: हे खरं नाही

गेल्या महिन्यात पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. कंपनी त्याला इकडे, इंग्लंडला पाठवतेय, मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “तिकडे दहावीचं टेन्शन नाही ना?” व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज त्याने खरा मानला होता. मेसेज थोडक्यात असा: ब्रिटनमध्ये मूल सात वर्षांचं होईपर्यंत शाळा नाही. सोळाव्या वर्षापर्यंत परीक्षा नाहीत, घोकंपट्टी नाही. गरीब-श्रीमंत सगळे सरकारी ‘पब्लिक स्कूल’मध्ये शिकतात. पुढे कधीही हवा तो विषय घ्या. पदवीपर्यंत सगळं मोफत.

मी चौदा वर्षं लंडनजवळच्या स्लाउमध्ये राहते. दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांत वाढली. हा मेसेज वाचून लोक मुलांच्या आयुष्याचे निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

सात वर्षांची गोष्ट फिनलंडची आहे. इंग्लंडमध्ये चौथा वाढदिवस झालेली बहुतेक मुलं त्याच सप्टेंबरमध्ये ‘रिसेप्शन’ वर्गात जातात. कायद्याने सक्ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून असते आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर चौथ्या वर्षापासूनच. रिसेप्शनमध्ये खेळ भरपूर असतो हे खरं, पण अक्षरांचे आवाज जोडून वाचणं, म्हणजे फोनिक्स, तिथेच सुरू होतं.

परीक्षा नाहीत? पहिलीतल्या मुलाला जूनमध्ये चाळीस शब्द वाचून दाखवावे लागतात. त्यातले वीस अर्थहीन असतात, म्हणजे मूल पाठ केलेलं म्हणत नाही ना, हे कळतं. चौथीत पाढ्यांची चाचणी असते, बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत: संगणकावर पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. सहावीत सॅट्स, म्हणजे इंग्रजी आणि गणिताच्या देशभर होणाऱ्या चाचण्या. या चाचण्यांत कुणाला नापास करून मागे ठेवत नाहीत, मुलं वयाप्रमाणे पुढे जातात. परीक्षांबद्दलच्या मुद्द्यात एवढंच काय ते अर्धसत्य. पण आमच्या स्लाउसारख्या, किंवा केंट-बकिंगहॅमशरसारख्या भागांत ‘इलेव्हन प्लस’ आहे. इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर स्कूल उरल्या आहेत आणि तिथला प्रवेश या परीक्षेवर ठरतो. सहावीच्या सुरुवातीला होणाऱ्या या परीक्षेसाठी आमच्याकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवण्या लागलेल्या मी पाहिल्यात.

आणि सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे इथली आपल्या दहावीसारखी बोर्डाची परीक्षा. आठ-दहा विषय, मे-जूनच्या काही आठवड्यांत वीसहून जास्त पेपर. इंग्लंडमध्ये २०१७ पासून निकाल ९ ते १ अशा श्रेणींत लागतो. इंग्रजी किंवा गणितात ४ पेक्षा कमी मिळाले, तर पुढे शिकताना तो विषय पुन्हा करावा लागतो. घोकंपट्टीचं म्हणाल, तर इंग्रजी साहित्याच्या पेपरला पुस्तक जवळ ठेवता येत नाही. शेक्सपिअरच्या नाटकातली वाक्यं माझी मुलगी महिनाभर स्वयंपाकघरात फेऱ्या मारत पाठ करत होती.

‘पब्लिक स्कूल’ या नावाने तर भल्याभल्यांची फसगत होते. ईटन, हॅरो, विंचेस्टर या त्या शाळा, आणि त्या खाजगी आहेत. ईटन १४४० मध्ये सत्तर गरीब मुलांसाठी स्थापन झाली होती, आज तिची फी वर्षाला पन्नास हजार पौंडांच्या वर आहे. अशा फीच्या शाळांत इंग्लंडमधली शंभरातली सहा-सात मुलं जातात. बाकीची सरकारी शाळांत. तिथे फी नसते, पण प्रवेश बहुधा घर शाळेपासून किती जवळ आहे यावर मिळतो आणि चांगल्या शाळेजवळची घरं महाग असतात.

हवा तो विषय कधीही घ्या, हे मात्र मला सगळ्यात घातक वाटतं, कारण खरी परिस्थिती नेमकी उलटी आहे. आपल्याकडे बारावी सायन्सचं मूल भाषा, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी एकत्र शिकतं. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या दोन वर्षांत, साधारण तीनच विषय उरतात, बाकी सगळे सुटतात. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं दार जवळजवळ बंद. केमिस्ट्री नसेल तर बहुतेक मेडिकल कॉलेजं अर्जच विचारात घेत नाहीत. बीटेक (BTEC; आपली बी.टेक. पदवी नव्हे) आणि २०२० पासून सुरू झालेले टी-लेव्हल हे व्यवसायाभिमुख कोर्सचे दुसरे रस्तेही त्याच वयात निवडायचे. माझ्या मुलीला इतिहास आणि बायॉलॉजी दोन्ही जिवापाड आवडायचे. गणित, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतल्यावर इतिहासाला जागाच राहिली नाही. त्या संध्याकाळी ती रडली आणि मला काय बोलावं सुचेना. स्कॉटलंडमध्ये ‘हायर’ला, म्हणजे तिथल्या विद्यापीठाआधीच्या परीक्षेला, चार-पाच विषय ठेवता येतात आणि ऑनर्स पदवी चार वर्षांची असते. मेसेज ज्याला ‘ब्रिटन’ म्हणतो, तिथे अशा वेगवेगळ्या व्यवस्था आहेत.

आता मोफत पदवी. स्कॉटलंडच्या रहिवासी विद्यार्थ्यांची तिथल्या विद्यापीठांतली फी तिथलं सरकार भरतं, हे खरं. इंग्लंडमध्ये १९९८ साली फी आली, तेव्हा ती वर्षाला एक हजार पौंड होती. २०१२ मध्ये नऊ हजार झाली आणि २०२५-२६ मध्ये कमाल ९,५३५ पौंड. बहुतेक मुलं ती सरकारी कर्जातून भरतात. २०२३ पासून शिकायला लागलेल्यांना वार्षिक २५ हजार पौंडांवरच्या कमाईचे नऊ टक्के, जास्तीत जास्त चाळीस वर्षं, फेडावे लागतात.

पण हा ‘होम फी’चा, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांचा, दरही सगळ्यांना मिळत नाही, आणि चुलतभावाला मी हेच सगळ्यात जास्त वेळ समजावलं. वर्क व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना शाळा मोफत असते. इंग्लंडमधल्या विद्यापीठात मात्र होम फी आणि सरकारी कर्जासाठी कोर्स सुरू होताना साधारणपणे कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, लागतो. नसेल तर परदेशी विद्यार्थ्यांची फी, म्हणजे अनेक ठिकाणी दुपटीहून जास्त, आणि कर्ज नाही. कुशल कामगारांना आयएलआर आतापर्यंत पाच वर्षांनी मिळत आला. सरकारने २०२५ मध्ये ही मुदत दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याचा मुलगा या सप्टेंबरमध्ये इयर टेनला, म्हणजे इथल्या दहावीला बसला, तर चार वर्षांनी विद्यापीठाच्या दारात असेल, म्हणजे पाच वर्षंही पूर्ण होण्याआधी.

फोनवर थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, हे सगळं लिहून पाठव. कंपनीशी बोलायच्या आधी मला हिच्याबरोबर बसून हिशोब करायचाय.”