तोट्यातली कंपनी, नफ्यातली कंपनी आणि आपली गाडी

पुतण्याला गाडी घ्यायची आहे आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी मोठ्या दाजींची: "मारुती घ्या, डोळे झाकून." दुसरी आमच्या डिमॅटवाल्या, म्हणजे शेअर बाजारात रमणाऱ्या मेहुण्याची. हा माणूस गाडीचं ॲव्हरेज सांगायच्या आधी कंपनीचं कर्ज सांगतो. त्याचं म्हणणं, तोट्यातल्या कंपनीची गाडी घेऊच नये, उद्या बंद पडली तर पार्ट कोण देणार?

ऐकायला एकदम बरोबर वाटतं भो. पण झालंय नेमकं उलटं.

टाटा मोटर्सने २०१८-१९ या वर्षात सुमारे २८,८०० कोटींचा तोटा दाखवला. त्यातला मोठा भाग तिच्याच ब्रिटिश कंपनीच्या, जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेची वहीतली किंमत कमी केल्याचा होता. पळून गेली का कंपनी? त्याच वर्षात, डिसेंबर २०१८ मध्ये, तिच्या नेक्सॉनने ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे घेतले. आणि फोर्ड? अमेरिकेत पिकअप विकून बक्कळ कमावणारी कंपनी. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण भारतात दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता. तिचा साणंदचा कारखाना ७२५.७ कोटींना घेतला कोणी? टाटानेच. जनरल मोटर्सचंही तसंच. अर्ध्या खान्देशाची वऱ्हाडं तिच्या तवेरातून गेली, पण २०१७ संपता संपता कंपनीने इथली विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला.

म्हणजे मूळ कंपनी श्रीमंत आहे की नाही, एवढ्यावर काही ठरत नाही. बापाची केळी जोरात असली तरी पोराच्या कोरडवाहूत तो किती वर्षं पैसा ओतेल, हे बघावं लागतं. टाटा-महिंद्राचं घरच इथे आहे, ते जाणार कुठे? मारुतीची सूत्रं जपानी सुझुकीकडे असली तरी सुझुकीचा सगळ्यात मोठा बाजार भारतच आहे. मेहुण्याने ताळेबंदाचं हे पान बघावं.

ह्युंदाईच्या आयपीओवरही, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले त्यावरही, तो फार नाचला होता. ऑक्टोबर २०२४, २७,८७० कोटी, तोवरचा देशातला सगळ्यात मोठा. पण ती सगळी कोरियातल्या मूळ कंपनीच्या हिश्श्याची विक्री होती. नवा शेअर एकही नव्हता, त्यामुळे पैसा तिकडेच गेला. कंपनी इथे चांगली कमावते हे खरं, पण आयपीओ मोठा म्हणून गाडी टिकाऊ, हा कुठला हिशोब?

दाजींचा गोंधळ वेगळा. ते रिसेलला टिकाऊपणा समजतात आणि ताऱ्यांचा विषय निघाला की चिडतात. वॅगनआरला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचा एकच तारा मिळाला, तरी जुनी वॅगनआर विकायला काढली की गिऱ्हाईक दारात उभं. बरं, तारे म्हणजे धडकेत माणूस किती वाचतो याचं माप. मे महिन्यात भुसावळात ४५ अंशांत एसी गार करेल का, बॅटरी किती टिकेल, रेडिएटरचे रबरी पाइप कधी कडक होतील, कन्नडच्या घाटात भरल्या गाडीचा क्लच जळेल का, हे त्यात कुठेच येत नाही. तारे बघाच, माझा त्याला विरोध नाही. फक्त तो प्रश्न वेगळा.

मला स्वतःला जास्त पटतं ते गॅरेजवाल्याचं: जे इंजिन जास्त गाड्यांत, त्याची काळजी कमी. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, लिनिया, सगळ्यांत तेच. धुराचे बीएस-६ नियम आले आणि २०२० मध्ये ते इंजिन इथे बंद झालं, फियाटच्या गाड्या तर त्याआधीच शोरूममधून गेल्या होत्या. तरी लिनियावाल्याचं इंजिन अडत नाही, कारण स्विफ्टमुळे ते काम प्रत्येक फिटरच्या हातात बसलंय. अडतं ते दरवाजाचं हँडल, हेडलाइट, बंपर. असलं सामान फक्त त्याच मॉडेलचं असतं आणि भंगारवाल्याकडे मिळालं तर मिळालं.

म्हणून निसानचं नाव निघाल्यावर मी मेहुण्यासारखा लगेच नाही म्हणालो नाही. २०२४-२५ मध्ये कंपनीला सुमारे ६७१ अब्ज येनचा तोटा झाला, होंडाशी विलीनीकरणाची बोलणी फेब्रुवारी २०२५ मध्ये फिसकटली, चेन्नईच्या कारखान्यातला तिचा हिस्सा रेनॉने घेतला. तब्येत खराबच आहे. पण मॅग्नाइट आणि रेनॉची कायगर एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत, इंजिनंही तीच. इंजिन-गिअरबॉक्सचं फार भ्या नाही. बॉडीच्या सामानाचं मात्र आहे, आणि विकायला काढल्यावर भाव पाडून मागतील.

पुतण्याला एकच काम सांगितलंय. जी गाडी आवडेल तिचा पुढचा बंपर आणि हेडलाइट जळगावात किती दिवसांत येतो, हे शोरूमच्या सेल्समनला न विचारता बॉडीशॉपमध्ये जाऊन विचार. दाजींचं म्हणणं, एवढी चौकशी मुलगी बघतानाही केली नव्हती. मेहुणा तिमाही निकालाची वाट बघतोय.